मुलांच्या तापावरील औषधें : एक तुलना



मध्यरात्रीं मुलाचें अंग भाजूं लागतें, आई दिवा लावते, आणि कपाट उघडून पाहावें तों आंत तीन-चार बाटल्या निघतात. एक गेल्या पावसाळ्यांतली, एक शेजारच्या वहिनींनीं दिलेली, एक थोरल्या भावंडासाठीं आणलेली. ह्यांतली कोणती द्यावी, किती द्यावी आणि मुळांत द्यावी कीं नाहीं, हे प्रश्न त्या घटकेस घरांतील वडील माणसांपुढें उभे राहतात. हल्लीं पुष्कळ घरांतून आईबाप दोघेंही कामावर जातात व मूल आजी-आजोबांच्या स्वाधीन असतें. म्हणून हा प्रश्न जितका तरुण आईचा, तितकाच माझ्या वयाच्या मंडळींचाही आहे.

मी वैद्य नव्हे आणि डॉक्टरही नव्हे. मॅट्रिक होऊन शाळामास्तर झालों व उभा जन्म अंकगणित शिकविण्यांत घालविला. तेव्हां आपल्या मुलास कोणता रोग झाला आहे हें सांगण्याचा अधिकार मला नाहीं, आणि तसा आव मी आणणारही नाहीं. परंतु ह्या औषधांविषयीं जी माहिती छापून प्रसिद्ध आहे ती एकत्र जुळविणें, तिची तुलना करणें, आणि तींत जेथें त्रैराशिक लागतें तेथें तें सोडवून दाखविणें, एवढें काम माझ्या आंवाक्यांतलें आहे.

प्रथम ताप म्हणजे काय तें पाहूं. आपल्या मेंदूच्या तळाशीं हायपोथॅलॅमस नांवाचा एक लहानसा भाग आहे. शरीराची उष्णता किती असावी हें तो ठरवितो. रोगजंतु शरीरांत शिरले म्हणजे रक्तांतील पांढऱ्या पेशी कांहीं द्रव्यें सोडतात, त्यांच्यायोगें प्रोस्टाग्लँडिन नांवाचें द्रव्य तयार होतें, आणि तें हायपोथॅलॅमसमधील उष्णतेचा कांटा वर सरकवितें. मग मुलाला हुडहुडी भरते, हातपाय गार पडतात, आणि शरीर नव्या कांट्यापर्यंत तापत जातें. जर्मन वैद्य वुंडरलिख ह्यानें १८६८ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत निरोगी माणसाची उष्णता ३७ अंश सेंटिग्रेड, म्हणजे ९८.६ अंश फॅरनहाइट धरली. आज ३८ अंश सेंटिग्रेड, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट, किंवा त्याहून अधिक उष्णता भरली म्हणजे ताप आहे असें मानतात. बगलेंत मोजल्यास आंकडा थोडा कमी येतो, हें ध्यानांत ठेवावें.

ह्यावरून दिसून येईल कीं ताप हा स्वतः रोग नव्हे. रोगाशीं झगडण्याची ती शरीराची एक रीति आहे. १९७५ सालीं अमेरिकेंत क्लूगर नांवाच्या शास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं वाळवंटांतील सरड्यांवर एक प्रयोग केला. रोगजंतु टोचलेल्या सरड्यांपैकीं ज्यांना उबदार जागीं ठेवलें ते अधिक संख्येनें जगले. ज्यांना थंड जागीं ठेवलें त्यांतले पुष्कळ मेले. मुलें म्हणजे सरडे नव्हेत हें खरें; तरी प्रत्येक ताप ताबडतोब दडपलाच पाहिजे ही समजूत किती डळमळीत आहे, तें ह्यावरून कळतें. औषध द्यावयाचें तें मुलाची तगमग कमी व्हावी, त्यानें दोन घोट पाणी प्यावें, त्याला झोंप लागावी म्हणून. १०१ अंश ताप असून मूल खेळत असेल, दूध पीत असेल, तर औषधाची घाई नाहीं. औषध थर्मामीटरला द्यावयाचें नसून मुलाला द्यावयाचें आहे.

आतां औषधांकडे वळूं. त्यांचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. १८८६ सालीं स्ट्रासबुर्ग येथें कान व हेप ह्या दोन डॉक्टरांनीं पोटांतल्या जंतांसाठीं नॅफ्थॅलिन मागविलें. औषधविक्याच्या चुकीनें दुसरेंच द्रव्य आलें. जंत गेले नाहींत. पण रोग्याचा ताप मात्र उतरला! तें द्रव्य ॲसिटॅनिलाइड. 'अँटिफेब्रिन' ह्या नांवानें तें खपूं लागलें; परंतु त्यानें रोग्यांचें अंग निळें पडूं लागलें. त्याच्याच कुळांतलें पॅरॅसिटॅमॉल हें द्रव्य मोर्स नांवाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानें १८७८ च्या आगेमागेंच तयार केलें होतें. १८९३ सालीं फॉन मेरिंगनें तें रोग्यांना देऊनही पाहिलें; पण त्यानेंही अंग निळें पडतें असा त्याचा ग्रह झाला, आणि तें द्रव्य पन्नासांहून अधिक वर्षें अडगळींत पडलें. १९४८ सालीं ब्रॉडी व ॲक्सेलरॉड ह्यांनीं दाखवून दिलें कीं जुन्या औषधांतला गुण शरीरांत तयार होणाऱ्या पॅरॅसिटॅमॉलमुळेंच येत होता, आणि अवगुण दुसऱ्या द्रव्याचा होता. तेव्हांपासून ह्या औषधाचा उदय झाला. आज मुलांच्या तापावर जगभर जें प्रथम देतात तें हेंच.

दुसरें औषध ॲस्पिरिन. १८९७ सालीं तें शुद्ध स्वरूपांत तयार झालें व १८९९ पासून ह्या नांवानें विकूं लागलें. पाऊणशें वर्षें मोठ्यांनीं घेतलें आणि मुलांनाही दिलें. १९६३ सालीं सिडनीच्या डॉ. राय ह्यांनीं मुलांतील एका भयंकर विकाराचें वर्णन प्रसिद्ध केलें. फ्लू किंवा कांजिण्या ओसरूं लागल्या असतां मूल एकाएकीं ओकूं लागे, बरळूं लागे, बेशुद्ध होई. मेंदूला सूज येई व यकृत बिघडे. पुढें १९८० च्या सुमारास अमेरिकेंत असें आढळून आलें कीं ह्या मुलांपैकीं बहुतेकांना त्या आजारांत ॲस्पिरिन दिलेलें होतें. त्या एका वर्षांत अमेरिकेंत असे ५५५ रोगी नोंदले गेले होते. १९८६ मध्यें तेथें औषधाच्या वेष्टनावर इशारा छापणें सक्तीचें झालें. आणि १९८७ ते १९९३ ह्या काळांत कोणत्याही वर्षीं ३६ हून अधिक रोगी नोंदले गेले नाहींत. ब्रिटननें १९८६ सालीं १२ वर्षांखालील मुलांना ॲस्पिरिन देणें थांबविलें व २००२ सालीं ही मर्यादा १६ वर्षांपर्यंत नेली. आपल्या घरांतून आजोबांच्या हृदयासाठीं ॲस्पिरिनची बारीक गोळी बहुधा असते. ती 'लहान आहे, म्हणून लहानांना चालेल' असें कोणीही समजूं नये. कांहीं थोड्या विशिष्ट रोगांत डॉक्टर स्वतःच्या देखरेखीखालीं मुलांना ॲस्पिरिन देतात. तो प्रश्न निराळा.

तिसरें निमेसुलाइड. ह्यानें ताप झटकन उतरतो, म्हणून एके काळीं आपल्या देशांत मुलांसाठीं ह्याच्या बाटल्या सर्रास खपत. परंतु यकृतावर त्याचा घातक परिणाम होऊं शकतो असें दिसून आल्यावर फिनलंड व स्पेन ह्या देशांनीं २००२ सालीं त्याची विक्री थांबविली, आणि भारत सरकारनें २०११ सालीं १२ वर्षांखालील मुलांसाठीं त्यावर बंदी घातली. मोठ्यांसाठीं आणलेली ही गोळी अर्धी करून मुलास देणें म्हणजे ती बंदी घरांत बसून मोडणें होय.

चवथें मेफेनॅमिक ॲसिड. तेंही ताप उतरवितें आणि आपल्याकडे तें बरेंच लिहून दिलें जातें. मात्र नोव्हेंबर २०२३ मध्यें इंडियन फार्माकोपिया कमिशननें ह्या औषधानें क्वचित् 'ड्रेस' नांवाचा गंभीर विकार होतो, त्यांत अंगावर पुरळ उठतें, ताप येतो व आंतल्या इंद्रियांना इजा होते, असा इशारा दिला. विकार दुर्मिळ आहे, घाबरण्याचें कारण नाहीं. पण डॉक्टरांनीं ह्या खेपेस लिहून दिल्यावांचून हें औषध कपाटांतून काढूं नये.

राहिलें आयबुप्रोफेन. इंग्लंडांत नॉटिंगहॅम येथें स्ट्युअर्ट ॲडम्स ह्यांनीं संधिवातासाठीं त्याचा शोध लावला आणि १९६९ सालीं तें तेथें बाजारांत आलें. म्हणजे खरी तुलना पॅरॅसिटॅमॉल व आयबुप्रोफेन ह्या दोहोंचीच उरते.

ताप उतरविण्याच्या कामीं आयबुप्रोफेन किंचित् सरस ठरतें. त्याचा गुणही कांहींसा अधिक वेळ टिकतो. पॅरॅसिटॅमॉलची मात्रा चार ते सहा तासांनीं द्यावी लागते, आयबुप्रोफेनची सहा ते आठ तासांनीं. मग आयबुप्रोफेन धोक्याचें आहे काय? १९९५ सालीं अमेरिकेंत ८४,१९२ मुलांवर केलेला एक प्रचंड अभ्यास प्रसिद्ध झाला. थोडे दिवस हीं औषधें घेतलेल्या त्या मुलांत एकालाही मूत्रपिंड निकामी होण्याचा विकार झाला नाहीं. पोटांत रक्तस्राव होऊन रुग्णालयांत न्यावीं लागलेलीं मुलें चार; तीं चारही आयबुप्रोफेन घेतलेलीं होतीं, परंतु एवढ्या मोठ्या संख्येंत तो फरक यदृच्छेनेंही पडूं शकतो, असा अभ्यासकांचा निष्कर्ष झाला. तेव्हां धडधाकट मुलाला योग्य मात्रेंत दोन्ही औषधें सुरक्षित आहेत.

तरीही पहिला मान पॅरॅसिटॅमॉललाच कां, ह्याचीं कारणें आपल्या हवापाण्यांत आहेत. जुलाब-उलट्यांनीं मुलाच्या अंगांतलें पाणी आटलें असतां आयबुप्रोफेन मूत्रपिंडाला बाधक होतें. कांजिण्यांत तें दिल्यास कातडीचे दोष बळावण्याची भीति असते. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे डेंग्यू. ह्या तापांत रक्त गोठविणाऱ्या बारीक पेशी, ज्यांना प्लेटलेट्स म्हणतात, त्या घटतात. आयबुप्रोफेन व ॲस्पिरिन दोन्ही त्या पेशींच्या कामांत अडथळा आणतात व जठरालाही त्रास देतात. पावसाळ्यांत व त्यानंतर महाराष्ट्रांत आलेला कोणता ताप डेंग्यूचा निघेल हें पहिल्या दिवशीं डॉक्टरांनाही सांगतां येत नाहीं. म्हणून निदान होईपर्यंत घरच्या घरीं देण्याचें औषध एकच, पॅरॅसिटॅमॉल. सहा महिन्यांखालील बालकास डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून आयबुप्रोफेन देऊंच नये.

कित्येक जण विचारतात, दोन्ही मिळून दिलीं तर? २००८ सालीं ब्रिस्टल येथें १५६ मुलांवर हा प्रयोग झाला. दोन्ही औषधें दिलेल्या मुलांचा ताप, एकट्या पॅरॅसिटॅमॉलच्या तुलनेनें, चोवीस तासांत सुमारें साडेचार तास कमी राहिला; एकट्या आयबुप्रोफेनच्या तुलनेनें अडीच तास. लाभ आहे, पण तो थर्मामीटरवरचा आहे. उलट दोन बाटल्या, दोन मात्रा, दोन निरनिराळीं वेळापत्रकें आणि जागरणानें शिणलेली आई, ह्यांतून चूक व्हावयास वेळ लागत नाहीं. दोन्ही एकाच बाटलींत मिसळलेलीं औषधेंही आपल्याकडे मिळतात. डॉक्टरांनीं सांगितल्यावांचून ह्या मिश्रणाच्या वाटेस जाऊं नये.

आतां माझ्या विषयाकडे, म्हणजे गणिताकडे येतों. पॅरॅसिटॅमॉलची मात्रा वयावर नसून वजनावर ठरते. दर किलो वजनास एका वेळीं १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत निदान चार तासांचें अंतर, आणि चोवीस तासांत चारपेक्षां अधिक मात्रा नाहींत. समजा, मुलाचें वजन १२ किलो आहे. १५ ला १२ नीं गुणलें, १८० मिलिग्रॅम झाले. हा झाला औषधाचा आंकडा. पण आपण तर औषध मापतों मिलिलिटरांत! येथेंच बाटलीवरचीं बारीक अक्षरें वाचलीं पाहिजेत. बाजारांत एक सिरप ५ मिलिलिटरांत १२० मिलिग्रॅम असलेलें मिळतें, दुसरें ५ मिलिलिटरांत २५० मिलिग्रॅम असलेलें, आणि तान्ह्या मुलांचे थेंब मिळतात त्यांच्या एकाच मिलिलिटरांत बहुधा १०० मिलिग्रॅम असतात. आपल्या १२ किलोच्या मुलाला पहिल्याचे ७.५ मिलिलिटर लागतील, दुसऱ्याचे ३.६, आणि थेंबांचे अवघे १.८. तान्ह्यांचें औषध सौम्य असेल असें कोणासही वाटावें. प्रत्यक्षांत तेंच सर्वांत तीव्र असतें, कारण तान्ह्याच्या तोंडांत फार औषध मावत नाहीं. ७.५ हा आंकडा पाठ असलेल्या माणसानें थेंबांची बाटली उचलली, तर मुलाच्या पोटांत ७५० मिलिग्रॅम जातील, चौपटीहून अधिक! आणि स्वयंपाकघरांतला चमचा हें माप नव्हे. दोन घरांतले चमचे सारखे नसतात. बाटलीबरोबर आलेलें टोपणाचें माप किंवा बिनसुईची पिचकारी वापरावी.

आमच्या शेजारीं एकदां असें झालें. मुलाला तापाचें औषध चालू होतें, आणि सर्दीसाठीं घरांतलीच दुसरी एक बाटली काढली. मुलाच्या आजीनें माझ्याकडे दोन्ही बाटल्या आणून 'मास्तर, वाचून सांगा' म्हटलें. दोहोंवरही पॅरॅसिटॅमॉलच लिहिलेलें! त्या माउलीनें देण्यापूर्वीं विचारलें म्हणून मूल वांचलें असें नाट्यमय विधान मी करीत नाहीं. पण तिनें जें केलें तें प्रत्येक घरांत व्हावें. नांवें भिन्न, रंग भिन्न, चव भिन्न, आणि आंतलें द्रव्य एकच, असा प्रकार सर्दीच्या मिश्रणांत नेहमींचा आहे. मात्रेबाहेर गेलेल्या पॅरॅसिटॅमॉलचा एक अंश यकृताला जाळणारें विष बनतो. दुर्दैव असें कीं पहिल्या दिवशीं मूल बरें दिसतें. लक्षणें मागाहून येतात. त्यावर उतारा आहे, पण तो वेळेवर दिला तरच चांगला लागू पडतो. म्हणून चुकून जास्त औषध गेल्याचा संशय येतांच, मूल हंसत-खेळत असलें तरी, बाटली बरोबर घेऊन रुग्णालय गांठावें.

आणखी एक गोष्ट सांगणें भाग आहे. पातळ औषध विरघळविण्यासाठीं जीं द्रव्यें वापरतात, त्यांत डायएथिलीन ग्लायकॉल नांवाचें गोडसर विष मिसळलें गेल्यानें जगांत वारंवार बळी पडले आहेत. १९३७ सालीं अमेरिकेंत शंभरांहून अधिक माणसें मेलीं. १९८६ सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत दूषित ग्लिसरीननें १४ रोगी दगावले व न्यायमूर्ति लेंटिन ह्यांच्या आयोगानें त्याची चौकशी केली. १९९० नंतरच्या दशकांत बांगलादेश व हैती येथें मुलांच्या पॅरॅसिटॅमॉलच्या सिरपांतच हें विष निघालें. २०२२ सालीं गँबिया व इंडोनेशिया, आणि २०२५ सालीं मध्यप्रदेशांतील छिंदवाडा जिल्हा, अशी ही दुःखद माळ लांबत आली आहे. छिंदवाड्याच्या मुलांपैकीं कित्येकांवर नागपुरास उपचार चालू होते. विषाची परीक्षा आपल्याला घरीं करतां येत नाहीं. पण आपल्या हातीं कांहीं आहे. अनावश्यक बाटली आणूंच नये. चार वर्षांखालील मुलाला खोकला-सर्दीचें तयार मिश्रण देऊं नये. औषध पावतीसह घ्यावें व बाटली रोग बरा होईपर्यंत जपून ठेवावी. आणि औषध चालू असतां मुलाची लघवी कमी झाली तर तत्काळ डॉक्टरांकडे न्यावें.

घरगुती उपायांविषयीं दोन शब्द. बर्फाच्या पाण्यानें अंग पुसूं नये, कोलन वॉटर अंगाला चोळूं नये. त्यानें कातडी गार पडते, मूल कुडकुडतें, पण मेंदूंतला कांटा जागचा हालत नाहीं. गोधड्यांत गुंडाळणेंही नको. हलके कपडे, मोकळी हवा, आणि वारंवार थोडें थोडें पाणी, पेज, ताक, वरणाचें पाणी. अंगावर पिणाऱ्याला आईचें दूध. मोठ्यांचें लंघन मुलांवर लादूं नये.

सहा महिने ते पांच वर्षें ह्या वयांत शंभरांतल्या दोन ते पांच मुलांना तापांत झटका येतो. पाहणाऱ्याचें काळीज फाटतें. पण साध्या झटक्यानें मेंदूस इजा होत नाहीं. तापाचें औषध आधींपासून देत राहिल्यानें झटका टळतो असें आढळलेलें नाहीं. मुलाला कुशीवर निजवावें, तोंडांत चमचा घालूं नये, कांदा किंवा चप्पल हुंगवूं नये, घड्याळ पाहावें. पांच मिनिटांत न थांबल्यास तांतडीनें रुग्णालयांत न्यावें. आणि पहिलाच झटका असेल तर थांबला तरी डॉक्टरांस दाखवावें.

कांहीं प्रसंगीं औषधांची तुलना करीत बसणेंच चूक. तीन महिन्यांखालील बालकाला १००.४ अंश ताप, श्वास जोराचा, छाती आंत ओढली जाणें, मूल निपचित पडणें, कांहींच न पिणें, मान ताठणें, दाबूनही न पुसट होणारे लाल-जांभळे डाग, तीन दिवसांवर लांबलेला ताप. अशा वेळीं बाटली खालीं ठेवून डॉक्टरांकडे धांव घ्यावी. डेंग्यूविषयीं तर हें विसरूंच नये, कीं त्यांतला खरा धोका ताप उतरल्यावर येतो. ताप गेला, आतां बरें आहे, असें म्हणतांना मुलाचें पोट दुखूं लागलें, ओकाऱ्या झाल्या, हातपाय थंड पडले किंवा कोठून रक्त आलें, तर एक घटकाही दवडूं नये.

शेवटीं, शाळामास्तर म्हणून थोडा गृहपाठ देतों. एक कागद घ्या. त्यावर मुलाचें चालू वजन, घरांतल्या तापाच्या औषधाचें नांव, त्याच्या एका मिलिलिटरांत किती मिलिग्रॅम तो आंकडा, मुलाची मात्रा, आणि डॉक्टरांचा दूरध्वनि क्रमांक लिहा. खालीं रकाने आखा : दिलें केव्हां, किती, कोणीं. तो कागद कपाटाच्या दाराला आंतून चिकटवा, आणि मुलाचें वजन वाढेल तसा आंकडा बदलीत जा. हें गणित दिवसाउजेडीं, शांत चित्तानें सोडवून ठेविलें म्हणजे रात्रीं दोन वाजतां मुलाला मांडीवर घेऊन सोडवावें लागत नाहीं.